बारवेचा चुना : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीला गावी आलेली मंडळी परत निघायच्या आत बैठक उरकली. देवळाच्या ओवरीत आम्ही अकरा जण. ठरलं ते एवढंच : बारवेची उत्तरेची भिंत पावसाळ्याआधी बांधायची आणि सिमेंट लावायचं नाही.

सिमेंट का नाही, यात अर्धा तास गेला. खरं तर भिंतीकडे बघितलं तरी पुरे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कुणीतरी निधी आणून तिथल्या दरजा सिमेंटने गच्च भरल्या. मागच्या मातीतलं पाणी आधी दरजांतून झिरपत उतरायचं, ती वाट बंद झाली आणि भिंतीला पोट सुटलं. सात चिरे पुढे आलेत, दोन तळाला पडलेत. उरलेल्या तीन बाजूंना निधी पोचला नाही, म्हणून तिथला चुना अजून दगडाला धरून आहे.

चुना मिळवायचं काम माझ्याकडे आलं. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, रस निवळायला चुन्याचं दूध लागतं, म्हणजे बावीस वर्षं चुन्याशी रोजची गाठ. पण तो राजस्थानातून पोत्यांतून येतो आणि गाळपापुरता ठीक. बारवेला तोच चालेल का, असं विचारल्यावर सगळे एका सुरात म्हणाले, बारवेचा चुना कोकणातला. शिंपल्यांचा. बैलांच्या पाठीवर घाट चढून आलेला. आमच्या आज्जीनेही मला हेच सांगितलं होतं. मग मीच सुचवलं की कोकणात जाऊन शिंपले आणतो, तसाच चुना भाजू. टाळ्या पडल्या. तात्या गवंडी तेवढे तंबाखू मळत गप्प होते.

१७ नोव्हेंबर

आठवडाभर जमेल तसं वाचलं. समुद्रकाठी चुन्याच्या भट्ट्या का उभ्या राहिल्या हे एकदा लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं. शिंपला म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. खाण नको, सुरुंग नको, ओहोटीला पाटी घेऊन गेलं की माल हाताशी. आणि चुना वजनाला जड, किमतीला हलका. असला माल बैलावर लादून लांब नेणं परवडत नाही, गलबतातून परवडतं. बंदर असेल तिथे जळण उतरवता येतं आणि चुना चढवताही येतो.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. तिथे १८६० च्या दशकात बांधलेल्या चुनाभट्ट्या अजून उभ्या आहेत. चुनखडक बेटावरचा, कोळसा मात्र स्कॉटलंडमधल्या डंडीहून जहाजाने यायचा आणि तीच जहाजं चुना घेऊन परतायची. दोन्ही फेऱ्या भरलेल्या.

सिडनीची गोष्ट याच्या उलट, अडचणीतून सुरू झालेली. १७८८ साली इंग्रजांनी कैद्यांची वसाहत बसवली तेव्हा विटा पाडायला माती मिळाली, पण आसपास चुनखडक सापडेना. मग भिंती चिखलात रचायच्या आणि पावसात ढासळताना बघायच्या. गव्हर्नरच्या घरासाठी शिंपले गोळा करून भाजले. आज जिथे ऑपेरा हाऊस उभं आहे त्या टोकाला काही काळ चुना भाजणाऱ्यांचं टोक असंच नाव होतं. किनाऱ्यावरचे शिंपल्यांचे ढीग म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या खाऊन टाकलेल्या कवचांच्या राशी. हजारो वर्षांच्या जेवणाचा पुरावा भट्टीत गेला आणि इंग्रजांच्या भिंतींत बसला. पुढे न्यूकॅसलला चुन्याच्या भट्टीवर पाठवणं ही शिक्षाच होती. कळीच्या, म्हणजे भाजलेल्या पण अजून पाणी न घातलेल्या चुन्याच्या टोपल्या पाठीवर घेऊन कैदी लाटांतून होडीपर्यंत जायचे. ओल्या पाठीवर कळीचा चुना म्हणजे काय, हे लॅबमध्ये बोट भाजून घेतलेल्या माणसाला कळेल.

आपल्याकडे मुंबईतल्या चुनाभट्टी स्टेशनवरून लाखो लोक रोज जातात, नावाकडे लक्ष कुणाचं असतं? १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. त्या किल्ल्यात महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून दाखवतात तो ठसा चुन्यातलाच. शाळेच्या सहलीत पाहिला होता, तेव्हा मी फक्त हात केवढा आहे ते बघत होतो.

हिशोबाची एक ओळ, पुढे लागेल : १०० किलो शुद्ध शिंपले पूर्ण भाजले तर ५६ किलो कळीचा चुना राहतो. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत.

२४ नोव्हेंबर

निवडणूक बुधवारी झाली, निकाल काल लागला. त्या गोंधळात गाडी रिकामी सापडली. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. मावसबहिणीचं सासर खाडीच्या बाजूला आहे.

परसात माडांच्या आळ्यांपाशी कवचांचा ढीग : तिसऱ्या, कालवं, मधूनच खुबे. खाऊन टाकलेले, पावसाने धुऊन पांढरे झालेले. तीन पोती भरली. बहिणीच्या सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. मी शिंपले निवडून घेतोय हे पाहून हसल्या.

"कालवाचं जाड कवच लवकर भाजत नाही हो. तिसऱ्या घ्या. पातळ असतात."

त्यांच्या लहानपणी खाडीकाठी भट्टी लागायची. कंबरेएवढी गोल भिंत, बुडाशी भोकं, आत नारळाची सोडणं आणि तूस, त्यावर शिंपले, परत सोडणं, परत शिंपले. रात्री पेटवायची आणि सकाळपर्यंत काम झालेलं असायचं. रात्रभर तडतड ऐकू यायची, म्हणाल्या, "चुलीवर लाह्या फुटाव्यात तशी." खायचा चुना वेगळा काढायचा, निवडक कवचांचा, त्यात राख येता कामा नये.

मी मुद्द्याचं विचारलं : हा चुना घाटावर जायचा का?

"खायचा जायचा, डब्यातनं. भिंतीचा कोण नेईल? बैलावर मीठ न्यायचं, सुकी मासळी न्यायची, का चुना न्यायचा?"

परत येताना कुंभार्लीच्या वळणांवर गाडीत खाऱ्या वासासोबत हे वाक्य होतं. आज्जीचं ऐकायचं की यांचं?

१ डिसेंबर

गाळप सुरू. रात्रपाळी. काही झालं नाही.

८ डिसेंबर

शिंपल्यांची भट्टी लावली. शेताच्या बांधावर जुन्या विटांची दीड हात उंच गोल भिंत, तळाशी चार भोकं. सोडणं आमच्याकडे कुठली, म्हणून बाभळीच्या ढलप्या आणि लोणारी कोळसा. वीस किलो शिंपले मोजून घेतले.

कोळशाला आपण लोणारी कोळसा म्हणतो, पण लोणारी कोण हे विसरलोय. मीठ, कोळसा आणि चुना हे लोणारी समाजाचे पिढीजात धंदे. पहिलं मीठ, लोण, ते नावातच राहिलं. दुसरा कोळसा, तो अजून दुकानात त्यांच्या नावाने विकला जातो. तिसऱ्याची आठवण कुणाला नाही. घाटावर चुना भाजणारी माणसं होतीच, तर कोकणातून आणायची गरज काय, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

संध्याकाळी सहाला पेटवली. नऊच्या सुमारास आत नारिंगी लाल रंग धरला. साधारण ९०० अंशांना कार्बोनेट फुटतं, आणि त्या रंगाला आपण तिथपर्यंत पोचलो असं समजायचं. तडतड झाली, अगदी लाह्यांसारखी. सकाळी उकरलं तर शिंपले आकाराने तसेच, रेघासुद्धा दिसत होत्या, पण हातात घेतल्यावर वजनच नाही. वाळल्या पानासारखे. वजन भरलं १२.१ किलो. हिशोबाने ११.२ हवं होतं, म्हणजे थोडा माल कच्चा राहिला. फोडून बघितलं, जाड कवचंच ती. सासूबाई बरोबर होत्या.

दुपारी विरवला. लोखंडी घमेल्यात चुना आणि वरून तांब्याने पाणी. पहिले दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही, नवखा माणूस इथेच फसतो आणि वाकून बघतो. मग एका शिंपल्याला तडा गेला, वाफेची बारीक शीळ आली, आणि बघता बघता घमेलं रटरटायला लागलं. शिंपले उमलावेत तसे फुटून पांढरं पीठ वर येत होतं. घमेलं भरून ओसंडलं, मालाची जागा अडीचपट झाली. पुतण्या वाकलाच होता. एक शिंतोडा गालावर, डोळ्याच्या अंगुळभर खाली. वीस मिनिटं नळाखाली धरला. निभावलं. यापुढे चष्म्याशिवाय कुणी घमेल्याजवळ यायचं नाही, हे भिंतीवर कोळशाने लिहिलं. हाताला गोडेतेल लावायचं हे तात्यांनी सांगितलं, ते मात्र आम्ही सगळे विसरलो होतो. रात्री बोटं चरचरत होती.

चुना देखणा झाला. लोण्यासारखा. मी खूश होतो.

१५ डिसेंबर

आज खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. बारवेच्या पश्चिम भिंतीच्या दरजेतून जुना चुना काढला, मूठभर, पडायला आलेला तेवढाच. घरी आणून पांढऱ्या ताटलीत फोडला, भिंगाखाली तासभर बसलो.

शिंपल्यांच्या चुन्यात कच्चं राहिलेलं कवच हमखास सापडतं, परवाच्या माझ्या चुन्यात पाच-पंचवीस तुकडे दिसतात. इथे एकही नाही. सापडलं ते असं : कोळशाचे बारीक काळे कण, विटेची लाल चुरी, नदीची वाळू, आणि मटाराएवढे मळकट पांढरे खडे, बाहेरून मऊ, आत करडे. अर्धवट भाजलेला कंकर, म्हणजे जमिनीतली चुनखडी. आमच्या शेतात नांगराला लागतो तोच.

आज्जीची गोष्ट गेली. तात्यांना दाखवायला गेलो. त्यांनी खडा नखाने खरवडला, जिभेला लावला, थुंकला.

"म्या कवाच वळाकलं व्हतं. चुनखडीच ती."

"मग बैठकीत का नाही बोललात?"

"तुमी कोकनात जायला निगालेला. म्हटलं जाऊन येऊ द्या पोराला, मासं खाऊन यील."

२२ डिसेंबर

कंकर शोधायला लांब जायचं नव्हतं. सातारा जिल्हा म्हणजे सगळा काळा पाषाण, त्यात चुनखडकाचा थर नाही. पण काळ्या जमिनीत पाणी खाली मुरताना विरघळलेला चुना हात-दोन हात खाली साचत जातो आणि त्याच्या गाठी बनतात. पाऊस कमी तिकडे जास्त; पश्चिमेला महाबळेश्वरकडे जा, नाही दिसणार, पूर्वेला खटाव-माणला ओढ्याच्या कडा पांढऱ्याफेक. आमचा कोरेगाव तालुका मधोमध.

वसनेच्या काठी एका शेतकऱ्याने विहीर खोदताना निघालेला ढीग बांधाला टाकला होता. नेतो म्हटल्यावर तो माझ्याकडे संशयाने बघायला लागला. चुनखडीने त्याला रडवलंय : अशा जमिनीत लोह असूनही मुळांना लागत नाही, मग ऊस केवडा पडतो, पानं पिवळीधमक. "सगळीच न्या की, वर चहा पाजतो," म्हणाला. ट्रॉलीभर आणली. पाव्हणे तासगावचे द्राक्षबागायतदार आले होते, त्यांना कळीचा चुना चांगलाच माहीत. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, बोर्डो मिश्रण. त्यांनी विचारलं, हा चुना फवारायला चालेल का? नाही चालणार, नोझल तुंबेल. माती आहे त्यात.

ती मातीच पुढे कामाला येणार होती, तेव्हा कळलं नाही.

५ जानेवारी २०२५

कंकराची पहिली भट्टी, चाळीस किलो. एक रात्र जाळली. सकाळी खडा फोडून आम्ल टाकलं, फसफसलं. बाहेरची साल भाजली, आत कच्चा. शिंपला पातळ, कंकर गोटा, दोघांना एकच वेळ देऊन कसं चालेल. वाया.

१९ जानेवारी

दुसरी भट्टी. संक्रांतीनंतर पोरं मोकळी होती, त्यांना बसवून खडे सुपारीएवढे फोडून घेतले. कोळसा वाढवला, भोकांतून पंखा लावला. अतिशहाणपणा. बुडाचा माल वितळून काळा-हिरवा खंगर झाला, भट्टीच्या विटांना चिकटला. कंकरातली माती जास्त तापली की काचेसारखी होते, आणि खंगराला पाणी घातलं तरी तो हलत नाही. वरचा अर्धा माल बरा निघाला.

कोळशाचा खर्च बघून खजिनदारांनी मला चुना लावतोयस का असं विचारलं. गावभर विनोद झाला.

२ फेब्रुवारी

तिसरी. पंखा नाही. दोन घमेली खडी, एक घमेलं कोळसा, असे थर. वरून ओल्या मातीचा लेप, मधे धुराला जागा. दोन रात्री आणि मधला दिवस. शनिवारी पाळी संपवून थेट बांधावर, रविवारी दुपारी उकरली.

४० किलोचे २७.५ किलो. रंग पिवळट करडा, शिंपल्याच्या चुन्यापुढे अगदीच गरीब. विरवताना तर फजितीच. पाणी ओतलं आणि वाट बघत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घमेलं कोमट झालं. तासाभराने खड्यांना बारीक भेगा, रात्रीपर्यंत निम्मं पीठ. ना उकळी, ना वाफ. पुतण्या म्हणाला, "काका, हा मेलाय."

तात्यांनी ओलं गोणपाट टाकून तीन दिवस झाकून ठेवायला सांगितलं.

९ फेब्रुवारी

या प्रकल्पात माझ्या आवडीचं काम एवढंच. चार गोळे वळले, लिंबाएवढे. एक नुसत्या शिंपल्याच्या चुन्याचा, एक कंकराच्या, एक शिंपल्याचा चुना अधिक सुर्खी (कुंभाराकडच्या फुटक्या विटा कांडून, चाळून), एक कारखान्याच्या पोत्यातल्या चुन्याचा. दोन दिवस ओल्या फडक्यात ठेवले आणि मग चार काचेच्या ग्लासांत, पाण्यात सोडले. ग्लास स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, त्यावर "पिऊ नये" अशी चिठ्ठी.

सकाळी शिंपल्याचा गोळा नव्हताच. ग्लासात दूध आणि तळाला चिखल. पोत्यातल्या चुन्याचंही तेच. सुर्खीवाला थोडा पसरला होता, पण उभा. कंकराचा गोळा जसाच्या तसा, माझ्या बोटाच्या ठशासकट.

१६ फेब्रुवारी

कंकराचा गोळा आठवडाभर पाण्यातच होता. आज काढून फरशीवर टाकला, टक्क वाजला.

लॅबमध्ये कारणही शोधलं. शंभर ग्रॅम शिंपल्याची पूड आम्लात विरघळवली, तळाला उरले दोन ग्रॅम. शंभर ग्रॅम कंकर, उरले एकतीस. धुऊन बोटांत धरलं तर चिकणमाती. चुन्यासोबत ती माती भाजली की तिच्यातली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याला धरतात, आणि तो चुना हवेची वाट न बघता पाण्यातच घट्ट व्हायला लागतो. नुसता शुद्ध चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कडक होतो. त्याला पाण्याखाली हवा कुठून मिळणार?

ही परीक्षा माझ्या आधी कुणी केली होती ते वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो. १७५६ साली जॉन स्मीटन हा इंग्रज अभियंता एडिस्टोनच्या खडकावर दीपगृह बांधायच्या तयारीत होता, जिथे लाटा रोज बांधकामावरून जातात. पाण्यात टिकणारा चुना हवा म्हणून त्याने ठिकठिकाणचे चुनखडक मागवले, गोळे करून पाण्यात सोडले, आणि तेच खडक आम्लात विरघळवून बघितले. ज्याच्या तळाला चिकणमाती उरली, त्याचाच चुना पाण्यात टिकला. तोवर समज असा की चुना जितका पांढरा आणि खडक जितका कठीण, तितका चांगला. त्याने वेल्सच्या किनाऱ्यावरचा, अॅबरथॉचा मळकट चुनखडक निवडला, त्यात इटलीहून आणलेली ज्वालामुखीची माती मिसळली, आणि १७५९ मध्ये दीपगृह उभं राहिलं. ती इटलीची माती म्हणजे एका अर्थी आपली सुर्खीच.

किनाऱ्यावरच्या बांधकामाचं कोडंही यात सुटतं. शिंपल्यांचा शुद्ध चुना एकटा पाण्यात टिकत नाही, त्याला सुर्खीसारखी जोड लागते. आमच्या बारव बांधणाऱ्यांनी मात्र शेताला नको झालेली खडी उचलली, जिच्यात चुना आणि माती मुळातच एकत्र होते. भारतीय मानकात (आयएस ७१२) कंकराच्या चुन्याला स्वतंत्र वर्ग दिलाय, 'ई'. रंगावरून मीही त्याला गरीब म्हटलं होतं, ते मागे घेतो.

तात्यांना स्मीटनची गोष्ट सांगितली. "शिकलेला दिसतोय," म्हणाले.

२ मार्च

गाळप यंदा लवकर आटोपलं, उसाचीच टंचाई. आमच्या पथ्यावर.

भिंतीला अंदाजे आठशे किलो चुना. भट्टी मोठी केली, बांधाच्या उतारात खणून, छातीएवढी. वरून भरायची, खालच्या तोंडाने काढायची. महिनाभरात चार भट्ट्या लावायच्या, प्रत्येकी तीनशे किलो खडी.

देवळामागे उताणं पडलेलं दगडी चाक आहे, ज्यावर बसून आमच्या तीन पिढ्यांनी गप्पा मारल्या. ते चुना मळायच्या घाणीचं. भोवतीची माती काढली तर गोल दगडी चर निघाला, एका ठिकाणी फुटलेला. चाकाच्या भोकात बाभळीचा नवा कणा बसवला.

३० मार्च

पाडव्याला घाणी चालू केली. बैल एका घरचे, नारळ दुसऱ्या घरचा, भाषण सरपंचांचं. एक घमेलं चुना, दीड घमेलं वाळू, थोडी सुर्खी. चाक फिरायला लागलं की आधी करकर आवाज येतो, वाळू चिरडल्याचा. अर्ध्या तासाने तो बुडतो आणि चपक चपक असा ओला आवाज सुरू होतो. तात्या आवाजावरूनच थांबा म्हणतात. दीड तास लागला. थापीवर घेऊन थापी उलटी केली, माल पडला नाही.

हिरडा, गूळ, बेलफळ, उडदाची डाळ, मेथी : प्रत्येकाच्या आजोबांची वेगळी पाककृती. आम्ही गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा यावर थांबलो. यामागचं मापून सांगता येईल असं माझ्याकडे काही नाही. गुळाने माल थापीखाली लोण्यासारखा सरकतो एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. उडदाला मी नाही म्हटलं. डाळीचे भाव बघा.

१३ एप्रिल

पाणी तळाला गेलंय. सिमेंट छिन्नीने काढलं, तीन दिवस. चेन पुली लावून पडलेले दोन चिरे वर घेतले. प्रत्येक दगडाच्या पाठीवर छिन्नीची खूण आहे, एक रेघ, दोन रेघा, तीन, थरांचा क्रमांक. आम्हाला फोटोवरून जुळवावं लागेल असं वाटलं होतं.

भिंतीमागे मुरमाचा थर भरला, पाणी उतरायला.

२१ एप्रिल

चूक माझी. यात्रेच्या दोन दिवसांत गोणपाटं ओली करायची पाळी मी वाटून दिली नाही. बेचाळीस अंश ऊन. पाचव्या थराच्या दरजा केसाएवढ्या तडकल्या. चुना वाळला, घट्ट झाला नाही. तात्या काही बोलले नाहीत, फक्त छिन्नी माझ्या हातात दिली. वीस फूट दरज खरवडून परत भरली.

३० एप्रिल

शेवटचा चिरा बसला. ओळंब्याला अर्ध्या बोटाचा फरक आहे. जुन्या भिंतीतही तेवढाच आहे, असं तात्यांचं म्हणणं.

२४ मे

मे महिन्यात असा पाऊस कुणी बघितला? पाच दिवस थांबायचं नाव नाही. सगळा हिशोब जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा होता. बारवेत पाणी चढतंय, खालचे तीन थर बुडाले. वरच्या दरजा चोवीस दिवसांच्या, खालच्या फार तर चाळीस. रात्री बॅटरी घेऊन दोनदा जाऊन आलो. पाणी पांढरं झालं असेल तर चुना सुटला, असं मनात. बॅटरीच्या उजेडात पाणी तांबूस दिसलं, ओढ्याच्या मातीचं. बाटलीत भरून आणलं, सकाळपर्यंत तळाला गाळ बसला, लाल. पांढरा नव्हता.

८ जून

उघडीप. पाणी हातभर उतरलं, तिसरा थर उघडा पडला. शेवाळ धरायला लागलंय.

लॅबमधून फिनॉल्फ्थॅलीनची बाटली आणली होती. तिसऱ्या थरातली दरज बोटभर खरवडून थेंब टाकला. आत गुलाबी, म्हणजे तिथे चुना अजून ताजा आहे. बाहेरची कड रंगहीन, तेवढी हवेने पालटून पुन्हा दगड झाली. पट्टी लावून मोजलं : दोन मिलिमीटर. भोक तात्यांनी तिथल्या तिथे भरलं.

पुढचं माप दिवाळीत, त्याच दरजेवर, डावीकडून चौथा चिरा.